डिचोलीतली पडवीतली इंग्रजी ट्युशन: आठ महिन्यांचा अनुभव

मुलगी नववीत गेली आणि विज्ञानाच्या पहिल्याच चाचणीत 20 पैकी 8 गुण. पेपर घेऊन बसले तर उत्तर चुकलेलं नव्हतं, अपुरं होतं. प्रश्नात 'जस्टिफाय', म्हणजे कारण देऊन पटवा, असं होतं आणि हिने नुसती व्याख्या लिहिली होती. "जस्टिफाय म्हणजे काय गं?" विचारलं, तर म्हणते, "मोठं उत्तर लिहायचं." म्हणजे दुखणं विज्ञानाचं नव्हतंच.

आमच्याकडे गोव्यात हे नवीन नाही. सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीला हायस्कुलात पाऊल टाकलं की गणित, इतिहास, विज्ञान सगळं इंग्रजीत. मीही त्याच वाटेने गेले. पाचवीचं वर्षभर फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेतलं, एक शब्द न कळता. अक्षर वळणदार होतं, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

आधी एका ट्युशनला घातलं होतं. तिथे निबंध सांगायचे आणि मुलांनी पाठ करायचे. 'रेनी डे' पाठ होता. परीक्षेत बाजाराच्या दिवसावर निबंध आला, तर आमच्या बाईसाहेबांनी तोच पाऊस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाडला. त्या महिन्याची फी गेली ती गेलीच.

मग शेजारणीने ही ट्युशन सांगितली. बाजारामागे टीचरच्या घरच्या पडवीत, सोमवार-बुधवार-शुक्रवार, साडेपाच ते सात, अकरा मुलं. टीचर हायस्कूलमधून निवृत्त. फी महिना 1,500, एका विषयाला मला जड जाते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहू नका म्हणून त्यांनीच सांगितलंय.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून पाहिलं. पुस्तक उघडलंच नाही. विजेचं बिल दिलं आणि म्हणाल्या, यात पैसे भरायची शेवटची तारीख कुठे आहे, उशीर झाला तर काय होतं, शोधा. मग एकेकाने दोन ओळी मोठ्याने वाचायच्या, त्यांचा अर्थ मराठीत नाहीतर कोकणीत सांगायचा, आणि मग तोच अर्थ आपल्या इंग्रजीत लिहायचा. चूक झाली की लाल शाई नाही. पेन्सिलने नुसतं गोल करतात, चूक कसली ते मुलाने शोधायचं. एकदा 'इट इज रेनिंग' मधला 'इट' कोण, असं विचारलं तर एक मुलगा म्हणाला, "देव!" टीचर इतक्या हसल्या की शिकवणं थांबलं. पण कर्ता म्हणजे काय, हे माझ्या मुलीला त्या दिवशी कळलं. तोवर व्याख्या तेवढी पाठ होती.

उणिवाही सांगते. व्याकरण सलग नाही, जे वाक्यात अडेल तेवढंच. पत्र आणि रिपोर्ट लिहिण्याकडे दुर्लक्ष, त्यामुळे परीक्षेआधी जुने पेपर घेऊन मीच घरी बसवलं. नोट्स मिळत नाहीत, आणि त्यावरून दोन पालकांनी मुलं काढली. वीज गेली की मेणबत्तीवर तास चालतो, मुलांना मजा आणि मला डोळ्यांची काळजी. वाचायला पुस्तकं एक कपाटभर, तीही जुनी. म्हणून सुट्टीत तिला कदंबच्या सरकारी बसने पणजीला नेलं, पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत. 1832 पासूनची ही लायब्ररी, आणि मी इतकी वर्षं तिच्यासमोरून बसस्टँडवर गेले, आत कधी शिरले नव्हते. मुलांच्या विभागातून पोर तीन तास हललं नाही.

गुणांचं म्हणाल तर चमत्कार नाही. शेवटच्या चाचणीत विज्ञानात 20 पैकी 13. आठवी-नववीच्या मुलाला इथे खुशाल घाला, पण दहावीच्या ऐन परीक्षेआधी पाठांतर करून हवं असेल तर ही जागा नाही.

मी शिवणकाम करते. परवा मुलीने माझ्या मशीनचं पुस्तक काढलं, चार वर्षं खणात पडलेलं. वाचून म्हणाली, "आई, इथे रोज तेल घालायला सांगितलंय. तू महिन्यातून एकदा घालतेस." मशीनचा खडखड आवाज आता कमी झालाय.

शाळेचं वर्ष आता एप्रिलात सुरू होतं, तेव्हा मार्चमध्येच जाऊन सांगून या. बाराव्या मुलाला त्या घेत नाहीत, पडवीत बाकच तेवढे आहेत.