डायनॅमो चार्ज करत नाही म्हणून 26,500 रुपये घालवले, बिघाड निघाला ब्रशचा

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवा. डायनॅमो म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. त्याच्या आर्मेचरचं (आतला फिरणारा भाग) रिवाइंडिंग, म्हणजे नवी तार गुंडाळणं, 14,500 (त्यातले 8,000 आगाऊ), कंट्रोल बॉक्स (चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारी पेटी) 6,800, बॅटरी 5,200. एकूण 26,500 रुपये. पावती म्हणून वहीचा फाटका कागद, त्यावर फक्त "डायनॅमो काम". गाडी 1957 ची मॉरिस मायनर. तक्रार एवढीच की इंजिन रेस केलं तरी डॅशवरचा लाल दिवा विझत नव्हता आणि बॅटरी उतरत होती.

हा माणूस 'व्हिंटेज गाड्यांचा स्पेशालिस्ट' म्हणून फोनवर सापडला. घरी आला, गाडी चालू केली आणि बॅटरीची एक वायर उपसली. इंजिन बंद पडलं. लगेच निकाल: "साहेब, आर्मेचर जळलं." मीटर पिशवीतून बाहेरसुद्धा आला नाही. आता कळतं, त्या प्रकाराने चार्जिंग होत नाही एवढंच सिद्ध होतं, आणि ते तर मीच त्याला फोनवर सांगितलं होतं! का होत नाही, ते त्यातून शष्प कळत नाही. वर डायनॅमो चालता असताना बॅटरी अशी काढली तर व्होल्टेज उसळून बल्ब उडतात ते वेगळंच. तुमच्या गाडीपाशी कुणी हा खेळ करायला लागला तर त्याला तिथेच थांबवा.

पण मला खरी चीड येते ती दुसऱ्या क्षणाची. 'रिवाइंड' केलेला डायनॅमो परत आला तो नव्या नवरीसारखा नटून, काळा रंग चकचकीत. मी टॉर्च घेऊन मागच्या झाकणाच्या भोकातून आत पाहिलं. कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळाकुट्ट. पट्ट्यांच्या मधल्या खाचा कार्बनच्या भुकटीने बुजलेल्या, आणि एका ब्रशची (कम्युटेटरला टेकून वीज बाहेर आणणारा कार्बनचा तुकडा) तारेची वेणी तशीच जुनी, तंतू सुटलेली. रिवाइंडिंग करून आलेला आर्मेचर असा नसतो. कम्युटेटर लेथवर धरून तांब्यासारखा लखलखीत करतात, मधला अभ्रक खरवडून खाली घेतात. मी विचारलंही. तो म्हणाला, "वॉर्निश भट्टीत भाजतात ना, त्याने काळा पडतो." वॉर्निश भट्टीत भाजतात हे खरंच आहे. अर्ध्या खऱ्यावरच ही मंडळी जगतात. उरलेले 6,500 मी तिथेच मोजले. कोणी हसू नये. आपण डॉक्टरला एक्स-रेवरून उलटतपासणी घेतो का?

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दिवा विझला नाही, मग "कंट्रोल बॉक्स गेला". तरी विझला नाही, मग "बॅटरीच चार्ज धरत नाही". शेवटी डायनॅमो काढून त्याजागी अल्टरनेटर (नव्या गाड्यांतलं चार्जिंगचं यंत्र) बसवायचे 18,000 मागितले, तेव्हा मी हात आखडता घेतला आणि त्याने फोन उचलणं बंद केलं.

पोलिसांकडे गेलो. "जुनी गाडी आहे, बिघडणारच." मग "हा दिवाणी मामला आहे." मग "बिल कुठे आहे?" तो वहीचा कागद दाखवला तर हवालदार दुसऱ्या हवालदाराला दाखवून हसला. अर्ज घ्या म्हटलं तर साहेब बाहेर गेलेत, पोच द्या म्हटलं तर शिक्का आत कपाटात आहे. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, आम्ही काय करणार. ज्या नावावर पैसे गेले ते नाव त्या माणसाचं नाहीच, हे दाखवलं, तरी तेच उत्तर. ग्राहक तक्रारीच्या अर्जात समोरच्याचा पूर्ण पत्ता लागतो. अहो, पत्ता असता तर मीच त्याच्या दारात उभा राहिलो नसतो का? नंतर एका दिवशी मेसेज आला, तक्रार निकाली. कोणी काढली, कशी काढली, काही नाही.

एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने बिघाड शोधला तो साध्या मीटरने. लुकास कंपनीचा दोन ब्रशचा डायनॅमो असेल तर हे स्वतः करा, कोणालाही आगाऊ रक्कम देण्याआधी करा. डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) या दोन्ही वायरी डायनॅमोवरून काढा, ती दोन टर्मिनलं एका तारेने जोडा. मीटरचं एक टोक त्या तारेला, दुसरं बॉडीला. इंजिन चालू करून हळूहळू रेस करा. काटा झरझर वर गेला तर डायनॅमो ठीक आहे, दोष पुढे आहे. 20 व्होल्टपर्यंत मात्र जाऊ देऊ नका. अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइल (चुंबकत्व देणारी स्थिर गुंडाळी), बॅटरीच्या व्होल्टेजच्या साधारण निम्म्यावर अडकला तर आर्मेचर. माझा शून्यावर. म्हणजे ब्रश. झिजून आखूड झालेला ब्रश होल्डरमध्ये अडकून बसला होता, कम्युटेटरला टेकतच नव्हता. नवे ब्रश, बारीक काचपेपर (एमरी नको, तिचे कण खाचांत बसून शॉर्ट करतात), झालं. खर्च वरच्या हिशेबात धरण्याइतका नाही.

त्यातही एक सुरुंग त्या स्पेशालिस्टने पेरून ठेवला होता. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. त्याने क्लॅम्प बदलून नवी बॅटरी निगेटिव्ह अर्थवर जोडली होती. म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नसतं आणि ब्रश बसवून गाडी तशीच सुरू केली असती, तर कटआउटचे (डायनॅमो बॅटरीला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) पॉइंट चिकटून वायरिंगचा धूर निघाला असता. बॅटरी पूर्ववत केली, इंजिन बंद ठेवून एफ टर्मिनलला बॅटरीच्या लाइव्ह टोकाची तार क्षणभर टेकवून डायनॅमो फ्लॅश केला, म्हणजे त्याच्या फील्डला योग्य दिशेचं चुंबकत्व दिलं. किंचित रेस केली आणि दिवा विझला.

काढलेला प्रत्येक भाग परत मागा, रिवाइंडिंगला दिलात तर जुनी तारसुद्धा. माझा मूळ कंट्रोल बॉक्स अजून त्याच्याकडेच आहे, बेकलाइटच्या झाकणासकट. झाकणाचा एक कोपरा टवका उडालेला आहे आणि आतून पांढऱ्या रंगाने 57 लिहिलंय. कुठे विकायला आलेला दिसला तर मला कळवा.