दोष न काढण्याचे आठ महिने : एका क्वालिटीवाल्याचा अनुभव

माझी नोकरीच दोष काढण्याची. रबाळे एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये बावीस वर्षं क्वालिटीला आहे. दिवसभर जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला सुटा भाग, हातात घ्यायचा, माप तपासायचा गेज लावायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. ही सवय घरी, लोकलमध्ये, चर्चमध्ये सगळीकडे सोबत यायची. कोपरखैरणे ते ठाणे वीस-पंचवीस मिनिटांत मी डब्यातल्या दहा-बारा जणांचा निकाल लावून मोकळा व्हायचो.

माझी आतेबहीण अमेरिकेत, मिसुरीत असते. नाताळात ती आली तेव्हा तिने तिकडच्या युनिटी पंथाची ओळख करून दिली. चार्ल्स आणि मर्टल फिलमोर या नवरा-बायकोने 1889 मध्ये कॅन्सस सिटीत हे काम सुरू केलं. मर्टलबाईंना क्षय होता. 1886 मध्ये त्यांनी एका व्याख्यानात ऐकलं की मी देवाचं लेकरू आहे, म्हणून आजार हा माझा वारसा नाही. तेच वाक्य धरून त्या प्रार्थना करत राहिल्या आणि बऱ्या झाल्या, अशी त्या पंथाची मूळ कथा. 'डेली वर्ड' नावाचं त्यांचं रोजच्या चिंतनाचं नियतकालिक 1924 पासून निघतंय. बहीण रोज त्यातला मजकूर व्हॉट्सॲपवर सांगते, म्हणजे खर्च शून्य. मी फक्त चाळीस रुपयांची खिशातली डायरी घेतली. ती कशासाठी, ते पुढे येईलच.

आमचं घराणं मूळचं नगरकडचं, तीन पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती. येशूचं डोंगरावरचं प्रवचन शब्बाथ शाळेपासून पाठ. बायबलात मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं 'दोष काढू नका' आणि त्यापुढचं कुसळ आणि मुसळ तर म्हणीसारखं तोंडात बसलेलं. तरी फिलमोर यांची एक मांडणी मला नवीन होती. येशूचे बारा शिष्य म्हणजे माणसातल्या बारा शक्ती, आणि प्रत्येकीची शरीरात एक जागा. पेत्र म्हणजे विश्वास. जब्दीचा मुलगा याकोब म्हणजे न्यायबुद्धी, तिची जागा पोटाच्या खळगीत. त्याचा भाऊ योहान म्हणजे प्रेम, ते हृदयापाशी. शरीरशास्त्र म्हणून हे मला पटलेलं नाही, आजही नाही. पण कुणावर चिडलो की माझी जळजळ नेमकी खळगीतच उठते, त्यामुळे याकोबाचा पत्ता तरी बरोबर निघाला.

हे दोघे सख्खे भाऊ आहेत, हा भाग मला फार आवडला. मार्काच्या शुभवर्तमानात येशू त्यांना गर्जनेचे पुत्र म्हणतो. लूकमध्ये एका शोमरोनी गावाने येशूला उतरू दिलं नाही, तर हे दोघे विचारतात की आकाशातून अग्नी पाडू का? म्हणजे प्रेमाचा शिष्यही तेव्हा गाव जाळायलाच निघाला होता. येशू त्यांना धमकावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. लहानपणापासून वाचलेलं, पण 'दुसऱ्या गावाला गेले' याकडे लक्ष कधी गेलं नव्हतं.

सराव साधा. सकाळी पाणी यायच्या आधी गॅलरीत दहा मिनिटं बसायचं. युनिटीत नकार आणि होकार अशी जोडी असते: आधी नको ते सोडल्याचं म्हणायचं, मग हवं ते आहे असं म्हणायचं. खळगीवर लक्ष ठेवून 'निकाल देणं सोडतो', मग छातीवर लक्ष नेऊन 'याच्यातही ख्रिस्त आहे'. 'याच्यात' म्हणजे ज्याचा राग आला असेल त्याच्यात. नंतर नुसतं गप्प बसायचं. दिवसभर मनात कुणाचा निकाल लागला की डायरीत रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी. ही रेघांची भर माझी, क्वालिटीवाल्याला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत 31 रेघा झाल्या. त्यातल्या सहा कँटीनच्या डाळीवरून.

पहिले दोन महिने काडीचा फरक नाही. उलट रेघा मारताना स्वतःचाच राग यायचा आणि त्याचीही एक रेघ व्हायची.

फरक कळला तो मार्चमध्ये. आयटीआय करून आलेला एक पोरगा सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, स्टीलचे बुश (मधे भोक असलेल्या नळकांड्या) करत होता. भोक 25 मिलिमीटरचं, एच-7, म्हणजे 25.000 ते 25.021 मध्ये बसायला हवं. प्लग गेज म्हणजे भोकात घालून बघायची दुतोंडी कांडी; तिची 'गो' बाजू आत गेली पाहिजे, 'नो-गो' जाता कामा नये. सकाळचे सगळे पास. चहानंतरच्या ट्रेमधल्या एकाही जॉबमध्ये 'गो' जाईना, भोक लहान. पोरगा म्हणाला, "सर, मी प्रत्येक जॉब चेक केला. गो जात होता." एरवी माझ्या मनात 'खोटारडा' उमटून तोंडातून निघालंही असतं. त्या दिवशी शब्द आला, खळगीत गरमही झालं, पण रेघ मारायला डायरी काढेपर्यंत तो थोडा मागे सरकला. मी म्हटलं, "चल, तुझ्या मशीनवर दाखव." नुकताच उतरलेला बुश हातात घेतला तर चटका बसला. कूलंटची, म्हणजे जॉब थंड ठेवणाऱ्या पाण्याची, नळी एका बाजूला वळली होती, पाणी भलतीकडेच पडत होतं. स्टील गरम असताना भोकही फुगतं. 40 अंशांचा फरक धरला तर 25 मिलिमीटरवर 11-12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि मापात आम्हाला सगळी सवलतच 21 मायक्रॉनची. पोरगा गरम जॉबवर गेज लावत होता तेव्हा 'गो' खरंच जात होता. माझ्या टेबलावर येईपर्यंत जॉब गार होऊन आवळायचा.

ट्रे मी रिजेक्टच केला, त्यात दयामाया नाही. बुशवर लाल खूण केली आणि पोराला नळी सरळ करायला सांगितली. मत्तयाच्या त्या वचनात मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, 'क्रिनो', त्यात निवडणंही येतं आणि निवाडा करणंही. आपल्या मराठी बायबलात 'दोष काढू नका' असं आहे, आणि आमच्या धंद्यात दोष तर काढावेच लागतात. बावीस वर्षं मी बुशबरोबर करणाऱ्यालाही लाल रंग लावत होतो, हे त्या ट्रेपाशी उभा असताना कळलं. त्या संध्याकाळी डोकं दुखलं नाही. तिकडच्या लिखाणात ज्याला चैतन्य म्हणतात ते माझ्या बाबतीत इतकंच, पण तेवढं नक्की मिळालं: सहा वाजता सुटल्यावर अंगात थोडी शक्ती उरलेली असते. आता जेवणानंतर खाडीच्या बाजूला चक्कर मारतो. ॲसिडिटीची गोळी रोजची आठवड्यावर आली. मात्र मधल्या काळात दुपारचा दुसरा चहाही सोडलाय, सगळं श्रेय याकोबाला देता येणार नाही.

आता तक्रारी. पहिली माझ्याच मूर्खपणाची. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून आमच्या स्वयंपाकघरात पाणी झिरपत होतं. निकाल द्यायचा नाही म्हणून मी दोन महिने वर गेलोच नाही, रोज सकाळी शेजाऱ्याला आशीर्वाद देत बसलो. जूनमध्ये छताचा पोपडा थेट कुकरवर पडला. बायको म्हणाली, "अहो, आशीर्वाद खूप झाले, आता प्लंबर द्या." वर गेलो तर शेजाऱ्याला गळतीचा पत्ताच नव्हता. आठ दिवसांत काम झालं.

दुसरी तक्रार मोठी. बहिणीने एका ऑनलाइन अभ्यासगटात घातलं होतं. तिथे बायकोच्या साखरेचा विषय निघाला तेव्हा एका बाईंनी गोड आवाजात विचारलं, आयुष्यातला कुठला गोडवा नाकारताय? बायको शेजारीच भाजी निवडत होती. म्हणाली, "माझ्या आईला, आजीला आणि दोन्ही मामांना साखर होती. सगळ्यांनी मिळून नाकारला का?" मी गट सोडला. विचारानेच आजार येतो असं धरलं की प्रत्येक आजारी माणूस आरोपी होतो, आणि मग दोष न काढण्याची शिकवण देणारेच सर्वांत वाईट निकाल देऊन बसतात. स्वतः चार्ल्स फिलमोर यांचा दहाव्या वर्षी बर्फावर घसरून खुबा दुखावला होता आणि पाय आखूड राहिला होता. दहा वर्षांच्या पोराचा त्यात कसला विचार नडला असेल? शरीर अमर होऊ शकतं असंही ते मानत. 1948 मध्ये 93व्या वर्षी गेले. गोळ्या चालू ठेवा, तपासण्या चुकवू नका.

ठाण्याला रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या कानावर हे घातलं. त्यांना हा प्रकार फारसा रुचला नाही. पाप, क्रूस, तारण यांना तिकडे जागा कुठे आहे, असं विचारलं. जाताना म्हणाले, "दोष काढू नका हे मत्तयात आहेच की, त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं?" त्यांचं बरोबर आहे. पण सातव्या अध्यायावर चाळीस वर्षं प्रवचनं ऐकून माझी एक रेघ कमी झाली नव्हती, हेही मी त्यांना सांगितलं. ते हसले.

कुणी करावं? दिवसभर तपासणाऱ्यांनी: शिक्षक, ऑडिटवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, सासवा. ज्यांना घरात खरोखर त्रास दिला जातोय त्यांनी मात्र यापासून लांब राहावं, त्यांनी निकाल द्यायलाच हवा.

रेघा आता दिवसाला सात-आठवर आल्या आहेत. यात धाकट्या भावाच्या नावच्या धरलेल्या नाहीत, नगरच्या जमिनीवरून आमचं पाच वर्षं बोलणं बंद आहे. त्याचं पान वेगळं ठेवलं होतं. ते भरलं, पुढचं भरलं, आणि ऑगस्टमध्ये मी दुसरी डायरी घेतली.