जुना टार्गेट स्कोप, पॅरॅलॅक्स आणि फोकस: काही महिने वापरल्यावर

बाहेरून ॲडजस्ट होणारा, लांबलचक नळीचा, वीस पॉवरचा (वीसपट मोठं दाखवणारा) जुना टार्गेट स्कोप, म्हणजे रायफलवरची निशाण्याची दुर्बीण, काही महिने पॉइंट बावीसच्या रायफलवर वापरतोय. यूनर्टल किंवा लायमनचे जुने स्कोप ज्यांनी हाताळलेत त्यांना ही धाटणी लगेच कळेल. काच अजून झकास आहे, त्यावर जास्त बोलत नाही. लिहायचंय ते पॅरॅलॅक्सबद्दल (डोळा जरा हलला की आतली निशाण्याची तार, म्हणजे क्रॉसहेअर, टार्गेटवर सरकल्यासारखी दिसते, ते), कारण असे स्कोप 'फोकस नीट लागत नाही' म्हणून विकायला निघतात आणि बऱ्याचदा बिचाऱ्या स्कोपचा काही दोषच नसतो, आयपीस (डोळ्याकडचं भिंग) धड लावलेली नसते एवढंच.

तर आधी आयपीस. मागची लॉक रिंग सैल करायची, स्कोप मोकळ्या आकाशाकडे नाहीतर पांढऱ्या भिंतीकडे धरायचा (सूर्याकडे चुकूनही नाही) आणि फक्त क्रॉसहेअर बघायचे, तेही दोन-तीन सेकंदच. जास्त वेळ टक लावली की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि धूसर तारसुद्धा स्पष्ट वाटायला लागते, म्हणून नजर काढायची, लांब कुठेतरी बघायचं, रिंग थोडी फिरवायची, परत एक झलक. पहिल्या झलकेतच तार काळी कुळकुळीत दिसली की लॉक करून टाका आणि मग तिला हात लावू नका. चष्म्याचा नंबर बदलला किंवा दुसऱ्या कोणी स्कोप वापरला तरच परत.

मग पुढची ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे टार्गेटकडचं भिंग. बोल्ट काढून, रायफल रिकामी आहे हे बघून, सँडबॅगवर घट्ट बसवायची, म्हणजे डोकं हलवताना रायफल हलत नाही. आता टार्गेट नुसतं स्पष्ट दिसलं म्हणून थांबायचं नाही, इथेच सगळे गंडतात. डोकं हळूच डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा आणि तार टार्गेटवर सरकते का बघा. तार डोळ्याच्याच दिशेने सरकत असेल तर स्कोप टार्गेटपेक्षा लांबच्या अंतरावर लागलाय, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह थोडी बाहेर काढायची. उलट दिशेने सरकत असेल तर आत घ्यायची. हे एकदा डोक्यात बसलं की अंदाजपंचे फिरवाफिरवी संपते. तार हलायची थांबली पण टार्गेट जरा धूसरच राहिलं, तर आयपीसवर परत जा, गडबड तिथेच असते.

स्लीव्हवरचे (ऑब्जेक्टिव्ह आत-बाहेर करायच्या कड्यावरचे) अंतराचे आकडे? माझ्याकडच्या स्कोपवर ते खऱ्या अंतराशी जुळत नाहीत आणि आता मला त्याचं काही वाटत नाही. पन्नास मीटरची आणि शंभरची अशा आपल्या खुणा टेपच्या बारीक पट्टीवर केल्यात. फक्त खुणेवर नेहमी एकाच बाजूने यायचं, कारण जुन्या आट्यांमध्ये थोडी ढिलाई असते, आणि जुनं ग्रीस थंडीत असं घट्ट होतं की स्लीव्ह जागची हलायला तयार नसते.

एवढा खटाटोप कशाला म्हणाल तर हिशोब बघा. ऑब्जेक्टिव्ह ३२ मिलिमीटरची, पॅरॅलॅक्स १०० मीटरला लावलेला आणि मारताय ५० वर, तर डोळा अगदी कडेला गेल्यावर चूक ८ मिलिमीटरपर्यंत जाते. ५० मीटरच्या आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) टार्गेटचं दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं (त्या स्पर्धेत स्कोप चालत नाही ते सोडा, मापाचा अंदाज यावा म्हणून सांगतोय). गाल दरवेळी एकाच जागी टेकत असेल तर एवढं होत नाही, पण थकल्यावर कोणाचा टेकतो? ऑब्जेक्टिव्हवर लहान भोकाचं झाकण लावलं तरी चूक कमी होते, पण वीस पॉवरला मग अंधारच.

ऑब्जेक्टिव्ह फिरवल्यावर झिरो (तार आणि गोळी एकाच जागी जुळवलेली असते ते) सरकतो का हेही तपासा. रायफल घट्ट धरून ठेवा, स्लीव्ह फिरवा, तार टार्गेटवर भटकली तर भिंग त्याच्या घरात मध्यभागी बसलेलं नाही. माझ्यात अगदी किंचित भटकते, म्हणून अंतर बदललं की झिरो परत मारून बघतो. आणि तपासणी सकाळीच करा, उन्हात जमिनीवरची हवा लहरायला लागली की टार्गेट आपोआप पोहतं आणि आपण उगाच रिंग पिळत बसतो.

माउंटच्या (स्कोप रायफलवर धरणाऱ्या आणि निशाणा सरकवणाऱ्या पकडीच्या) क्लिक्स मात्र अजून घड्याळासारख्या वाजतात. माउंट ज्यावर बसतात त्या रायफलवरच्या दोन बेसमधलं अंतर ७.२ इंच असेल तरच एका क्लिकला १०० यार्डावर निशाणा पाव इंच सरकतो, बेस जवळ बसवले तर क्लिक मोठी होते, त्यामुळे घेतानाच पट्टी लावून मोजा. धक्क्याने स्कोप माउंटमध्ये पुढे सरकतो आणि स्प्रिंग नसेल तर दर शॉटनंतर हाताने मागे ओढायचा, ही सवय लागायला मला वेळ लागला, घाईत मारणाऱ्यांना वैतागच येईल.

बेंचवर निवांत मारणाऱ्याने डोळे झाकून घ्यावा. स्प्रिंगच्या एअर रायफलवर मात्र चढवू नका, तिचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्हीकडून बसतो, जुन्या स्कोपची बांधणी त्यासाठी केलेलीच नसते, आणि आतली तार तुटली तर बसवून देणारा माणूस शोधावा लागतो.