काळा जेसो झकास, तांबेरी मेण महाग

इंदूरच्या रानीपुऱ्यातून ॲक्रेलिक काळा जेसो (रंगाच्या आधी द्यायचा अस्तराचा हात) आणि तांबेरी मेटॅलिक वॅक्सची, म्हणजे धातूसारखी चमक देणाऱ्या मेणाची डबी आणली. सहा बाय सहा इंचांच्या कॅनव्हासवर स्टीमपंक करायचं होतं: वाफेच्या इंजिनांच्या काळातली चाकं, नळ्या, रिव्हेट. बाकी सामान घरचंच. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाची चाकं, टिचबटणं, झिपचा रनर, नालीदार पुठ्ठा, ब्लाउजची उरलेली लेस.

जेसोला पैकीच्या पैकी. पितळ, प्लॅस्टिक, लेस, सगळं एका हातात काळंभोर. कुठला तुकडा कुठून आला, पत्ताच लागत नाही. सुकल्यावर किंचित खरखरीत होतो, म्हणून वरचा रंग धरून राहतो.

मेणाचं काम मात्र बोटाचं. इवलंसं घ्यायचं, कागदावर टिपायचं आणि नुसतं उंचवट्यांवरून फिरवायचं. चाकाचे दाते आणि लेसची जाळी असे उठतात, की जाऊबाईंनी कॅनव्हास उचलूनच पाहिला, ‘अगं बाई, लोखंडाचं नाही होय!’ पण डबी नखाएवढी आणि भाव थेट सराफ्यातला. वासही उग्र, खिडकी उघडी ठेवा. शिवाय मेणावर नंतर काही धड चिकटत नाही, हे डबीवर कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे चिकटवाचिकटवी आधी, मग जेसो, मेण सगळ्यात शेवटी. हात राखून खर्च करणाऱ्यांनी तांबेरी ॲक्रेलिक कोरड्या ब्रशनं फिरवावा, चमक थोडी कमी, पण चालतं.

आणि पांढरा गोंद पुठ्ठा-लेसपुरताच. पाणी उडालं की तो सुकतो, धातू पाणी शोषत नाही. चाकांना दोन ट्यूबवालं इपॉक्सीच लावा.