जॉन्स हॉपकिन्सचं 11 महिन्यांचं एमपीएच: एमडी किंवा पीएचडीनंतर करावं का?

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या बाल्टिमोरमधल्या ब्लूमबर्ग स्कूलचं पूर्णवेळ एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) जुलैत सुरू होऊन मे महिन्यात संपतं. किमान 80 क्रेडिट, एक उन्हाळी सत्र आणि नंतर आठ-आठ आठवड्यांची चार सत्रं. आरोग्यक्षेत्रातली डॉक्टरेट नसेल, तर दोन वर्षांचा अनुभव लागतो.

हे वर्ष कारणी लागतं की नाही, ते बव्हंशी संख्याशास्त्राच्या निवडीवर ठरतं. 611-612 या क्रमांकांच्या अभ्यासक्रमांची जोडी शोधनिबंध नीट वाचता यावेत म्हणून आहे. 621 ते 624 ही चार भागांची मालिका स्वतः विश्लेषण करणाऱ्यांसाठी. रिग्रेशन (एखाद्या परिणामाशी वेगवेगळ्या घटकांचा संबंध मोजण्याची पद्धत) खऱ्या अर्थानं हाताला बसतं ते इथेच. बरेच क्लिनिशियन गणिताला बिचकून पहिली जोडी घेतात आणि वर्षअखेरीस स्वतःचा डेटा दुसऱ्याच्या हाती सोपवतात. संशोधन करायचं असेल तर 621 च घ्या.

क्लिनिकची सवय मोडावी लागते, तीही इथेच. समजा, तोंडाच्या कर्करोगाच्या 100 रुग्णांपैकी 80 जण तंबाखू खाणारे निघाले. नुसत्या या आकड्याला अर्थ नाही. कर्करोग नसलेल्या 100 जणांत खाणारे किती? 40 असतील, तर 80 भागिले 20 म्हणजे 4, आणि 40 भागिले 60 म्हणजे दोन तृतीयांश; या दोन भागाकारांचं गुणोत्तर, म्हणजे ऑड्स रेशो, 6. ओपीडीत आपल्याला फक्त पहिला गट दिसतो. शिवाय ही तुलनेची माणसं चुकीच्या ठिकाणाहून निवडली, तर तो 6 सुद्धा फसवा.

आठ आठवड्यांचं सत्र निर्दयी असतं, एक आठवडा बुडाला की भरून काढणं कठीण. कॅपस्टोनसाठी, म्हणजे पदवीच्या शेवटच्या प्रकल्पासाठी, भारतातला डेटा वापरणार असाल, तर संस्थेची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी निघण्यापूर्वीच घ्या. तिथून ईमेलवर ही कामं हलत नाहीत.

कमी क्रेडिटमध्ये आटपायचं असेल, तर प्रगत पदवीधारकांसाठी हार्वर्डचं 45 क्रेडिटचं एमपीएच आहे. नोकरी सोडता येत नसेल, तर हॉपकिन्सचाच ऑनलाइन मार्ग पाहा. अमेरिकेत रुग्ण तपासण्याचा परवाना मात्र यातल्या कशानंच मिळत नाही.

अर्ज सोफास या सार्वजनिक आरोग्य अभ्यासक्रमांच्या सामाईक ऑनलाइन अर्जसेवेमार्फत होतो आणि परदेशी गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन डब्ल्यूईएस या परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे पदवीधर असाल, तर ट्रान्सक्रिप्टचा अर्ज सगळ्यात आधी टाका, निबंध नंतर लिहा.