दहा बटणांची किल्लीपेटी: कशीही दाबा, उघडतेच

आम्ही दोघंही सकाळी साडेआठला दादरचं घर सोडतो, स्वयंपाकाच्या मावशी येतात दहाला. किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची. त्या मुलाकडे पुण्याला गेल्या आणि आमचं अडलं. म्हणून लोहार चाळीतून साडेआठशेला ही भिंतीवरची पेटी आणली. (कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.) दुकानदार म्हणाला, "मॅडम, दहा बटणं, चार आकडी नंबर, दहा हजार कॉम्बिनेशन. चोर म्हातारा होईल!"

पत्रा जाड आहे, पावसाळ्यासाठी रबरी झाकण आहे. तक्रार हिशोबाची आहे.

मला नंबर हवा होता १९८१. लागेना. एक बटण एकदाच दाबलं जातं, म्हणजे आकडा दोनदा येणारे सगळे नंबर बाद. दहा हजारांचे तिथेच ५०४० झाले (१० × ९ × ८ × ७). मग १९७४ लावला.

आठवड्याने मावशी म्हणाल्या, "ताई, कसंबी दाबलं तरी उघडतंय की!" मी ४-७-९-१ दाबून पाहिलं. उघडली. कुठली बटणं आत गेली एवढंच हे कुलूप बघतं. आधी कुठलं, नंतर कुठलं, त्याला पत्ताच नसतो. चार आकडे २४ प्रकारे मांडता येतात, ते चोवीसही इथे एकच. ५०४० भागिले २४, उरले २१०! एकेकाला पाच सेकंद धरा, सगळे मिळून साडेसतरा मिनिटं. आमच्या मजल्यावर दुपारी दोन ते चार चिटपाखरू नसतं.

गंमत म्हणजे बॅगेच्या चाकांच्या कुलपाला आपण कॉम्बिनेशन लॉक म्हणतो, पण तिथे क्रम चुकला की उघडत नाही, म्हणजे ते परम्युटेशन. खरं कॉम्बिनेशन लॉक हे माझं! आणि ते दीडशे रुपयांचं तीन चाकी कुलूप १००० नंबर देतं.

त्यात मावशी आधीच्या घरची फोडणी आटोपून येतात. महिन्याभरात चार बटणं हळदीने पिवळी. क्रम लागत असता तर पिवळी बटणं बघूनही चोराला चोवीस वेळा खटपट करावी लागली असती. इथे एकदाच.

परत करायला गेले, तर "भिंतीला बसवलेला माल घेत नाही." मग घरीच डोकं चालवलं. पाच बटणं लावली तर २५२ होतात, तेच सर्वात जास्त. सहा लावून उपयोग नाही, कारण सहा निवडणं म्हणजे चार सोडणं, पुन्हा २१०. किती बटणं लावलीत हे कुणाला सांगू नका. मग चोरापुढे एकूण १०२४ पर्याय राहतात, एकही न दाबण्याचा धरून.

पाचपैकी अडीच तारे. आता पेटीशेजारी खिळ्याला ओलं फडकं टांगलंय, आणि मावशी पाचही बटणं दोन्ही हातांनी एकदमच दाबतात.