पार्सल ट्रॅकिंगवर किती विसंबावं? वर्षभराच्या वापरानंतर

रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी नागपुरात माझं पार्सल द्यायला कुरिअरचा माणूस गेला होता आणि ग्राहक घरी नव्हते, असं ट्रॅकिंग सांगतं. ग्राहक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, महिनाभर जिनासुद्धा उतरलेले नाहीत. त्यांनी मला सोसायटीच्या वॉचमनच्या रजिस्टरच्या पानाचा फोटोच पाठवला. ८:२० ला तिसऱ्या मजल्यावर पिझ्झा, मग थेट ९:१५ ला कुणाचे तरी पाहुणे. मधल्या वेळात गेटवर काळं कुत्रं आलेलं नाही. पुढे तेच पार्सल ‘ग्राहक उपलब्ध नाही’ म्हणून सांगलीला परत आलं आणि जाण्याचं, येण्याचं असं दोन्ही भाडं कुरिअरच्या अ‍ॅपमधल्या माझ्या वॉलेटमधून कापलं गेलं. हा रिव्ह्यू त्या कापलेल्या पैशांच्या रागात लिहायला घेतला होता, हे आधीच सांगते.

मी जुनी पुस्तकं आणि जुने दिवाळी अंक विकते. साधारण निम्मा माल पोस्टाने जातो आणि निम्मा एका अ‍ॅपवरून बुक केलेल्या खासगी कुरिअरने. नाव घेत नाही. असली अ‍ॅप्स पुष्कळ आहेत आणि तुमचा अनुभव कुठल्या तरी दुसऱ्याच नावाचा असेल. वेग, पॅकिंग, पिकअप यांवर इथे काही लिहिणार नाही. प्रश्न एकच: स्क्रीनवर जी ओळ दिसते, ती खरी असते का?

कुरिअरचं ट्रॅकिंग दिसायला देखणं. नकाशा, हिरवा ठिपका, ग्राहकाला प्रत्येक टप्प्यावर व्हॉट्सअ‍ॅप. पण मी घरी लेबल छापलं की लगेच ‘शिपमेंट तयार’ असा मेसेज जातो आणि ग्राहकाला वाटतं माल निघाला. माल माझ्या दिवाणावर पडलेला असतो. ‘उद्या मिळेल’ ही तारीख कुणी पार्सल बघून टाकत नाही, ती हिशेबाने काढलेली असते. आणि ८:५२! तक्रारीच्या तिकिटाला रजिस्टरचा फोटो जोडला, सोसायटीच्या गेटचा कॅमेरा असल्याचंही लिहिलं. उत्तर आलं की ‘आमच्या नोंदीनुसार प्रयत्न झालेला आहे’. अहो, नोंद खोटी आहे हीच तर तक्रार आहे! खोट्या नोंदीचा पुरावा म्हणून तीच नोंद दाखवायची, म्हणजे चोरालाच पंच म्हणून उभं करण्यासारखं झालं.

पोस्टाचं पान त्या मानाने अगदी रुक्ष. तारीख, वेळ, ऑफिसचं नाव, एक ओळ. बुकिंग झालं, पिशवीत भरलं, पिशवी रवाना झाली, आणि मग शांतता. नवे ग्राहक इथेच घाबरतात. ‘ताई, दोन दिवस झाले, पार्सल हललेलंच नाही’ हा फोन ठरलेला. ते हललेलं असतं. स्पीड पोस्टच्या वस्तू एका पिशवीत बंद करतात आणि त्या पिशवीला स्वतःचा नंबर असतो. वाटेत स्कॅन होते ती पिशवी. आतल्या एकेका पाकिटाची पुढची नोंद पिशवी फोडल्यावरच होते. म्हणजे नोंद नसलेल्या काळात माल गाडीत असतो किंवा सॉर्टिंगच्या रांगेत. हे एकदा कळलं की ती शांतता चालते. उलट मी तर म्हणेन, ज्या वेळी पार्सलला कुणाचा हात लागलेला नाही, त्या वेळी काहीही न लिहिणं हाच प्रामाणिकपणा.

‘नंबर चुकीचा दाखवतोय’ हा दुसरा ठरलेला फोन. पोस्टाचा तेरा खुणांचा नंबर असतो: दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी भारतासाठी ‘आयएन’. त्या नऊ अंकांतला शेवटचा आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एक अंक इकडचा तिकडे झाला की नंबर सहसा बसतच नाही. जागतिक टपाल संघाचा हा ठराव आहे, म्हणून परदेशी जाणाऱ्या पार्सलचा तोच नंबर तिकडच्या टपालखात्याच्या साइटवरही चालतो. ग्राहकाला म्हणावं, फोटो बघून टाइप करू नका, मी पाठवलेला नंबर कॉपी करा.

याच रुक्ष पानाने एकदा माझी बाजू वाचवली. कोल्हापूरच्या ग्राहकाने पिन देताना ४१६ च्या जागी ४६१ लिहिलं. पिनचा पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या सगळ्यांचा, त्यामुळे आकडा बघून खटकतही नाही. पण ४६१ म्हणजे नर्मदापुरम, इटारसीची बाजू. सांगलीहून तासाभराच्या गावाला जायचं पुस्तक नर्मदेकडे निघालं. ट्रॅकिंगवर इटारसी दिसताच ग्राहक माझ्यावर उखडले. त्यांचाच मेसेज त्यांना परत पाठवला, तेव्हा गप्प झाले. (पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या मराठी मुलखातलेच, वर संस्कृतचे कवी. पन्नास वर्षं उलटली तरी आपल्याला सहा आकडे नीट लिहिता येत नाहीत.)

इथपर्यंत लिहून हे तसंच ठेवून दिलं होतं. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या आणि मत थोडं बदललं.

पहिली अशी की त्याच कुरिअर कंपनीचा सांगलीतला डिलिव्हरीचा पोरगा दुसऱ्याच कामाला घरी आला होता. पाणी देताना मी ८:५२ काढलंच. तो हसला. म्हणाला, रात्री लिस्ट क्लोज करावी लागते मॅडम, एक पार्सल उघडं राहिलं तरी सकाळी बोलणी. मग जी कारणं मोबाइलवर येतात त्यातलं ज्याने पैसे कापत नाहीत ते दाबायचं. ‘ग्राहक उपलब्ध नाही’मध्ये पोराचे कापत नाहीत. माझे कापतात. तेव्हापासून पोरांवरचा राग गेला. ज्यांनी ती कारणांची यादी बनवली त्यांच्यावरचा मात्र दुप्पट झाला.

दुसरी गोष्ट पोस्टाच्या ‘डिलिव्हर्ड’बद्दल. नोंद खरी, पण दिलं कुणाच्या हातात? शेजारी, वॉचमन, खालचं दुकान, सगळं त्या एका शब्दात बसतं. ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला ओटीपी घेऊन डिलिव्हरीची सोय आली, पाच रुपये अधिक जीएसटी. मी हौसेने सगळ्यांना लावून टाकली. माझे निम्मे ग्राहक साठीच्या पुढचे. त्यांनी दिलेला मोबाइल नंबर मुलाचा, मुलगा बंगळुरात मीटिंगमध्ये, आणि पोस्टमन दारात उभा. आता आधी विचारते, ‘फोन तुमच्याच हातात असतो ना?’ आणि मगच पाच रुपये घालते.

अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी वेगळी सूचना: मुंबईतून विमानात चढल्यापासून तिकडच्या टपालखात्याने हातात घेईपर्यंत काहीही दिसणार नाही. रोज रिफ्रेश करू नका. २०२५ ला तर तिकडचे कस्टमचे नियम बदलल्यामुळे ऑगस्टअखेरीस अमेरिकेचं बुकिंगच थांबलं. ते १५ ऑक्टोबरला उघडलं, आणि दिवाळी आली २० ला. न्यू जर्सीच्या अंकांचं काय झालं असेल ते समजून घ्या.

सध्याची विभागणी सांगते. नागपूर, अमरावती, लातूर, सगळं पोस्टाने. कुरिअर फक्त पुण्या-मुंबईच्या ऑफिसच्या पत्त्यांना, जिथे रिसेप्शनवर कुणीतरी बसलेलं असतं आणि ‘उपलब्ध नाही’ म्हणायला जागा नसते. जाड ग्रंथांना मे २०२५ पासूनचं ज्ञान पोस्ट उत्तम: ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून पाच किलोला १०० पर्यंत, कर वेगळा, जमिनीवरून जात असल्यामुळे सावकाश, पण ट्रॅकिंगसकट. मात्र जाहिराती असलेलं प्रकाशन त्यात घेत नाहीत. म्हणजे सत्तरच्या दशकातला दिवाळी अंक, ज्यातला साबण बाजारातून कधीच गेला, तोही जाहिरातवालाच ठरतो आणि स्पीड पोस्टच्या भावाने जातो. तो फरक मी अंकाच्या किमतीत धरते. घासाघीस करणाऱ्यांनी कृपया हे वाचून मग फोन करावा.